आगाऊ भरलेल्या जेवणाचा हिशोब

(नभोवाणीवरील भाषण)

उज्जैनला जायचे ठरते, गाडीचे आरक्षण होते, राहण्यासाठी एखादे हॉटेल पसंत पडते, आणि मग दूरध्वनीवरून तेथला मनुष्य विचारतो, 'जेवणासह देऊ, की जेवणाविना?' मोबाईलवरून खोली घेणाऱ्यांना हाच प्रश्न पडद्यावरच्या एका चौकटीत दिसतो. उत्तर मात्र क्षणात द्यावयाचे असते. बहुतेक कुटुंबांत त्या क्षणी कोणीतरी म्हणते, 'घेऊन टाका, परगावी कोठे शोधत हिंडायचे!' आणि प्रश्न मिटतो. तो खरोखर मिटतो का, आणि पैसे आधी भरून विकत घेतलेले जेवण उज्जैनच्या यात्रेत कोणाला सोयीचे पडते व कोणाला गैरसोयीचे, एवढाच आजचा विषय आहे. विषय पोटाचा असल्याने क्षुल्लक वाटेल; पण यात्रेच्या खर्चात गाडीभाडे आणि निवास यांच्यानंतर सर्वांत मोठा आकडा जेवणाचाच असतो. शिवाय त्यात पैशांपलीकडचेही काही गुंतलेले असते. ते पुढे सांगेन.

प्रथम हॉटेलवाल्यांची भाषा समजून घेऊ. दरपत्रकावर ई.पी., सी.पी., एम.ए.पी. आणि ए.पी. अशी अक्षरे असतात. ई.पी. म्हणजे युरोपियन प्लॅन : नुसती खोली. सी.पी. म्हणजे कॉन्टिनेन्टल प्लॅन : खोली आणि सकाळची न्याहारी. एम.ए.पी. म्हणजे न्याहारी आणि दोनपैकी एक जेवण, बहुधा रात्रीचे. ए.पी. अर्थात अमेरिकन प्लॅन म्हणजे न्याहारी व दोन्ही वेळची जेवणे. खंडांची नावे ऐकून गांगरण्याचे कारण नाही. पाटावर वरण-भातच येतो. लक्षात ठेवण्याची गोष्ट एवढीच की, ए.पी. घेतला तर मोजणी बहुधा पोहोचल्या दिवशीच्या रात्रीच्या जेवणापासून निघण्याच्या दिवशीच्या दुपारच्या जेवणापर्यंत होते. सकाळच्या गाडीने परतणाऱ्याचे शेवटचे जेवण आरंभीच बुडालेले असते, आणि हे त्याला कोणी आपण होऊन सांगत नाही.

आता ही पद्धत कोठे शोभते ते पाहा. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड नावाची प्रचंड क्रीडानगरी आहे. तेथल्या हॉटेलांत उतरणाऱ्यांसाठी आगाऊ जेवणाची योजना असते. करोनाच्या साथीत २०२० मध्ये ती बंद पडली आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. ती घेतली की प्रत्येकाच्या खात्यावर ठराविक जेवणे जमा होतात, आणि न वापरलेली जेवणे मुक्काम सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री रद्द होतात. ही योजना घ्यावी की नाही याबद्दल तेथील कुटुंबे महिना-महिना आधीपासून गणिते मांडत बसतात. परंतु त्या नगरीची मांडणी अशी आहे की, दिवसभर मनुष्य तिच्या हद्दीतच असतो, हद्दीतली बहुतेक भोजनगृहे योजनेत मोडतात, आणि सुटे जेवण महाग पडते. म्हणजे जेथे मनुष्य हिंडतो तेथेच त्याचे भरलेले जेवण त्याच्या मागोमाग येते. आपल्याकडे एखाद्या जंगलातल्या विश्रामगृहात किंवा घाटमाथ्यावरच्या एकाकी बंगल्यात उतरलात तरी हेच लागू पडते. बाहेर खायला काही नाहीच, तेव्हा जेवणासह घेणे हाच शहाणपणा.

उज्जैनची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तेथे जेवण हॉटेलात बांधलेले असते आणि मनुष्य बाहेर असतो.

महाकालेश्वराची भस्मारती पहाटे चार वाजता होते. श्रावणात त्याहूनही लवकर. तिच्यासाठी आधी नोंदणी करावी लागते आणि रात्री एक-दोन वाजल्यापासूनच मंडळी रांगेत उभी असतात. आरती आटोपून तुम्ही सहाच्या सुमारास बाहेर पडता तेव्हा कडकडून भूक लागलेली असते, आणि हॉटेलातली न्याहारी साडेसात-आठाशिवाय मांडली जात नाही. खोलीवर जाऊन अंग टाकले की डोळा लागतो, आणि जाग येते तेव्हा दहा वाजून गेलेले असतात व न्याहारीची भांडी उचललेली असतात. दुपारची तऱ्हाही तीच. सांदीपनी आश्रम, मंगळनाथ, काळभैरव, गढकालिका, भर्तृहरीची गुंफा ही स्थाने शहराच्या उत्तरेकडे पसरलेली; चिंतामण गणेश अगदी निराळ्या दिशेला; सवाई जयसिंगाची वेधशाळा आणखी तिसरीकडे. रिक्षाने हे सारे फिरताना एक वाजता जेवणासाठी हॉटेलवर परतायचे म्हणजे अर्धा दिवस मोडणे. ओंकारेश्वर करायचे असेल तर एका बाजूचे अंतर सुमारे १४० किलोमीटर. त्या दिवसाचे उज्जैनमधले दुपारचे जेवण म्हणजे दान समजावे. (ओंकारेश्वरला शेगावच्या गजानन महाराज संस्थानचे भक्तनिवास असल्याने मराठी यात्रेकरूंना तेथे परके वाटत नाही.) त्यातून पुष्कळशी हॉटेले रेल्वेमार्गापलीकडे फ्रीगंज भागात किंवा इंदूर रस्त्यावर आहेत, मंदिर जुन्या शहरात. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'महाकाल लोक' खुले झाल्यापासून गर्दी इतकी वाढली आहे की, सणासुदीला वाहने दूर थांबवतात आणि उरलेले अंतर पायीच कापावे लागते.

याखेरीज उपवास. मराठी माणसाची उज्जैन-यात्रा पुष्कळदा श्रावणात घडते, आणि येथे पंचांगाची एक मौज आहे. माळव्यात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे तेथला श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो व आधी संपतो. आपला श्रावण वद्य पक्ष हा त्यांचा भाद्रपद असतो. तरीही दर सोमवारी निघणारी महाकाळाची सवारी तेथल्या श्रावणाबरोबर थांबत नाही, त्यांच्या भाद्रपदातल्या अमावास्येपर्यंत चालू राहते. हा मराठी अमलाचा ठसा आहे असे उज्जैनकर सांगतात, आणि ते पटण्यासारखे आहे. आजचे महाकाल मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारले. १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरला जाईपर्यंत शिंद्यांची राजधानी उज्जैनच होती. सवारी परतताना जेथे थांबते ते गोपाळ मंदिर दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंनी बांधविले. तेव्हा आपली मंडळी आपल्या श्रावणी सोमवारचा उपवास धरून सवारीला उभी राहू शकतात, ही सोय जुनी आहे. परंतु हॉटेलच्या दरपत्रकाला सोमवार ठाऊक नसतो. तेथे सोमवार आणि मंगळवार यांचा दर एकच.

आता ती पैशांपलीकडची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण शेवटच्या मोठ्या सवारीसाठी उज्जैनला गेलो होतो. आई बरोबर होती. मुक्काम फ्रीगंजमध्ये, तिन्ही वेळचे जेवण आगाऊ भरलेले. आईचा सोमवारचा कडक उपवास. पालखीचे दर्शन घेऊन मगच सोडायचा असा तिचा संकल्प. आम्ही गोपाळ मंदिराजवळ जागा धरून उभे राहिलो. सवारी दुपारी चारच्या सुमारास निघते, रामघाटावर क्षिप्रेच्या पाण्याने पूजा होते आणि मग ती गावातून परतते. पण शेवटच्या सोमवारी गर्दी अफाट असल्याने रात्र होते. आठ वाजले, साडेआठ झाले. हॉटेलचे जेवणघर साडेनऊला बंद होत असे, हे आम्हाला आधीच सांगितलेले होते. त्यात त्या हॉटेलचा काही दोष नव्हता. रिक्षा बंद, चालत जायचे. आमच्यापैकी एकाने, आणि तो एक मीच होतो, हिशोब मांडला : पाच ताटे, पैसे भरलेले. 'आई, चला, नाहीतर जेवण चुकेल.' ती काही बोलली नाही. आम्ही गर्दीतून वाट काढीत निघालो आणि पुलाकडे वळतो न वळतो तोच मागून झांजांचा आणि डमरूंचा आवाज आला. जेवण मिळाले. बटाट्याची रस्साभाजी होती. आईने दूध घेतले आणि उपवास दुसऱ्या दिवशी सकाळी सोडला. पुढे पुन्हा उज्जैनला येणे तिला जमले नाही.

त्या रात्री मी जे केले ते का केले, याचा मी पुढे विचार केला. तेव्हा कळले की, या खोडीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही आहेत. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या दोघांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग असा : एका विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाची तिकिटे घेणाऱ्यांपैकी काहींना पूर्ण किंमत लावली व काहींना, कोणतीही पूर्वसूचना न देता, सवलत दिली. नाटके तीच, खुर्च्या त्याच. तरी पूर्ण किंमत भरलेले लोक हंगामाच्या पूर्वार्धात अधिक वेळा नाटकाला आले. गेलेला पैसा परत येणार नसतो. पण तो आपल्याला मागून ढकलीत राहतो. मी आईला गोपाळ मंदिरापासून दूर नेले ते भुकेने नव्हे, त्या पाच ताटांच्या भरलेल्या पैशांनी. वास्तविक ते पैसे आम्ही जेवलो तरी गेलेले होते आणि न जेवलो तरी गेलेलेच होते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९८ मध्ये एक निरीक्षण मांडले. सहलीचे पैसे आधी भरावेत की नंतर हप्त्यांनी फेडावेत, असे विचारले असता बहुतेकांनी आधी भरणे पसंत केले; तेच कपडे धुण्याच्या यंत्राच्या बाबतीत मात्र नंतरचे हप्ते पसंत केले. कारण उघड आहे. पैसे चुकते झालेली सहल मनाला फुकटासारखी वाटते. घासाघासाला पाकीट आठवत नाही. काटकसरीत आयुष्य गेलेल्या वडीलधाऱ्यांबाबत हे विशेष खरे आहे. खानावळीच्या दरपत्रकावरची किंमत वाचून 'मला नुसता ताक-भात पुरे' म्हणणारे आजोबा प्रत्येक घरात असतात. जेवण आधीच भरलेले असले की ते पोटभर जेवतात. हा लाभ रुपयांत मांडता येत नाही, पण तो खरा आहे.

रुपयांत जे मांडता येते ते आता मांडू. पुढचे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपापल्या दरपत्रकातले घालून पाहावेत. समजा, एक दांपत्य रविवारी दुपारी उज्जैनला पोहोचून मंगळवारी निघणार आहे, दोन रात्री. हॉटेलात सुटी न्याहारी माणशी २५० रुपये आणि थाळी ५०० रुपये. आगाऊ घेतल्यास न्याहारी २०० व थाळी ४०० पडते. दोघांच्या मिळून चार न्याहाऱ्या आणि आठ थाळ्या होतात. सुट्या दराने ५००० रुपये, आगाऊ ४०००. एक हजाराची बचत, असे दरपत्रक सांगते, आणि ते खोटे नाही. आता प्रत्यक्ष काय घडते ते पाहा. सोमवारी बाईंचा उपवास, म्हणून त्यांची न्याहारी आणि दुपारची थाळी गेली. यजमान दुपारी मंगळनाथाला होते, त्यांचीही थाळी गेली. मंगळवारी गाडी दुपारच्या आत, म्हणून दोन्ही थाळ्या गेल्या. उरल्या तीन न्याहाऱ्या आणि चार थाळ्या. तेवढ्याच सुट्या घेतल्या असत्या तर ७५० आणि २००० मिळून २७५० रुपये झाले असते. दांपत्याने दिले ४०००. म्हणजे हजाराची बचत करावयास निघालेले हे जोडपे साडेबाराशे अधिक देऊन आले.

या उदाहरणातून एक सोपी कसोटी निघते. सवलत एक हजाराची आणि थाळी पाचशेची; तेव्हा बारा पंगतींपैकी दोन जेवणे चुकली की सवलत संपली, तिसरे चुकले की तोटा सुरू. आपल्या यात्रेचे वेळापत्रक कागदावर लिहावे, त्यात भस्मारती, उपवास, लांबचे फेरफटके आणि परतीची गाडी घालावी, आणि चुकणाऱ्या पंगती मोजाव्यात. पाच मिनिटांचे काम आहे. ते आम्ही केले नव्हते.

शिवाय ज्या गावात तुम्ही निघाला आहात ते काही उपाशी ठेवणारे गाव नाही. उज्जैनची सकाळ पोहे-जिलबीने होते. ते आपले फोडणीचे कांदेपोहे नव्हेत. खाली पाणी उकळत ठेवून त्याच्या वाफेवर ते गरम राखतात, म्हणून मऊ राहतात, आणि वरून शेव, चिरलेला कांदा व जिरावण नावाचा आंबट-तिखट मसाला भुरभुरतात. सोबतीला गरम जिलबी. भस्मारतीहून निघालेल्या माणसाला सकाळी सहा-साडेसहाला याहून चांगले काही सुचवता येणार नाही, आणि खर्चही थोडका. उपवासवाल्यांना साबूदाण्याची खिचडी मिळते. आपल्यासारखी तुपात परतलेली नव्हे, वाफवलेली, वर बटाट्याचा चिवडा घातलेली. वऱ्याच्या तांदळांना तेथे 'मोरधन' म्हणतात, एवढे लक्षात ठेवले म्हणजे दुकानात विचारताना अडत नाही. आणि दाल-बाफले! कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडून मग गोवऱ्यांच्या आरावर किंवा भट्टीत भाजतात आणि फोडून तुपात बुडवतात. बरोबर डाळ, चटणी, लाडू. हे जेवण दुपारी घ्यावे आणि त्यानंतर दोन तास कोणतेही देवदर्शन ठरवू नये. हॉटेलातल्या मांडलेल्या बुफेत ते क्वचित चांगले उतरते, कारण बाफला थांबला की दगड होतो.

महाकाल मंदिर समितीचे अन्नक्षेत्रही आहे. तेथे भाविकांना विनामूल्य भोजनप्रसाद मिळतो. शेगावी किंवा शिर्डीला पंगतीत बसलेल्या मराठी माणसाला त्यात नवे काही वाटणार नाही. अहिल्याबाई होळकरांनी जागोजाग अन्नछत्रे घातली ती याच माळव्यातून, महेश्वरच्या गादीवरून. अन्नक्षेत्रात एक वेळ जेवावे आणि यथाशक्ति देणगी ठेवावी. तेथे पैसे द्यायचे ते जेवल्यानंतर, आणि किती ते आपल्या मनाने. पूर्वी तीर्थोपाध्यायांच्या घरी उतरणारे आपले पूर्वज असेच करीत : आधी जेवण, निघताना दक्षिणा.

मग आगाऊ जेवण घ्यावेच कोणी? माझे मत असे. मधुमेहाचे औषध ठराविक वेळी घेऊन लगेच जेवावे लागते असे कोणी बरोबर असेल, अगदी लहान मूल असेल, किंवा ज्यांना जिने-रस्ते चढवत नाहीत असे वृद्ध असतील, तर रात्रीचे जेवण मुक्कामीच असावे. मात्र मुक्काम मंदिरापासून पायी अंतरावर असला पाहिजे. अशांनी न्याहारी व रात्रीचे जेवण, म्हणजे एम.ए.पी., घ्यावा आणि दुपार मोकळी ठेवावी. न्याहारीचे पैसे खोलीतच धरलेले असतील तर वाद घालू नये. पहाटेच्या आरतीच्या दिवशी ती डब्यात बांधून द्याल का, एवढे विचारावे. तिन्ही वेळचे जेवण मात्र स्वतंत्रपणे फिरणाऱ्या कुटुंबाने उज्जैनमध्ये घेऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन.

आपल्या मराठी यात्रा कंपन्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यापैकी कित्येकजण आपले आचारी आणि शिधा बरोबर नेतात. गाडी जेथे थांबेल तेथे चूल पेटते, एकादशीला साबूदाणा आणि द्वादशीला पुरण होते. तेथे जेवण प्रवाशाच्या मागे चालते, प्रवासी जेवणाच्या मागे धावत नाही. म्हणून त्या सहलींत जेवणाचा आकार आधी देण्यात काही वावगे नाही. निघण्यापूर्वी एवढेच पक्के करावे की, एखाद्या दिवशी गटाबरोबर जेवलो नाही तर वळते काय होणार. बहुधा काहीच होत नाही. पण ते आधी माहीत असलेले बरे.

यापुढचा सिंहस्थ २०२८ च्या मार्चअखेरीपासून मेअखेरीपर्यंत आहे, आणि त्याची आरक्षणे सुरू झाली की हा प्रश्न हजारो घरांत पुन्हा निघेल. २०१६ चा सिंहस्थ ज्यांनी पाहिला त्यांना ठाऊक आहे की, पर्वस्नानाच्या दिवशी वाहन शहरात येतच नाही आणि घाटावरून मुक्कामी पोहोचायला प्रहर लागतो. अशा वेळी इंदूर रस्त्यावरच्या हॉटेलात भरलेले जेवण म्हणजे परगावी ठेवलेला डबा. उलट घाटाजवळच्या तंबूत किंवा आश्रमात उतरणार असाल तर जेवणासह घेणेच इष्ट; मेच्या उन्हात रोज शोधाशोध करण्याचे त्राण राहत नाही. तरीही अन्नक्षेत्रे आणि आखाड्यांचे भंडारे सर्वत्र चालू असतात, हे विसरू नये. क्षेत्र पर्वकाळी भरते तेव्हा तेथे भुकेपेक्षा तहानेची आणि उन्हाची काळजी अधिक करावी लागते.

आरक्षण करताना हॉटेलवाल्याला चार गोष्टी विचाराव्यात. जेवणघर रात्री कितीपर्यंत उघडे असते? जेवण आदल्या दिवशी सांगून रद्द करता येते का, व पैसे वळते होतात का? सांगितलेला दर कर धरून आहे की सोडून, आणि मुलांना अर्धा आकार कोणत्या वयापर्यंत? आणि चौथे, 'सोमवारी उपवासाला तुम्ही काय देता?' या शेवटच्या प्रश्नाला पलीकडचा मनुष्य जर क्षणभर थांबला आणि मग 'फळे ठेवू' म्हणाला, तर नुसती खोलीच घ्यावी. 'मोरधन, दही आणि शेंगदाण्याची आमटी. सवारीहून यायला उशीर झाला तरी झाकून ठेवतो,' असे उत्तर आले, तर मात्र त्याचा दर थोडा जास्त असला तरी पैसे आगाऊ पाठवून द्यावेत.